लहानपणी रोज पाहिलेले, मोठेपणी उमगलेले : ब्रिटनमधली आपली गावे

कौलारू :

माझे बालपण लँकेशायरमधल्या डार्वेन नावाच्या गिरणीच्या गावात गेले. गावची माणसे त्याला 'डॅरेन' म्हणत. कोणी 'डार्वेन' असा पूर्ण उच्चार केला की तो बाहेरचा आहे हे दुकानदाराच्या लगेच लक्षात येई. वडील जवळच्या एका रुग्णालयात डॉक्टर होते. १९६७ साली आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. माडीवरच्या खिडकीतून एक धुराडे दिसे. ३०३ फूट उंच, इटलीतल्या घंटाघरांच्या धर्तीवर बांधलेले, वरपर्यंत विटांची नक्षी असलेले. त्या गिरणीचे नाव 'इंडिया मिल'. आईने मला बजावून ठेवले होते, की कधी चुकलीस तर घराचा पत्ता सांगत बसू नकोस, इंडिया मिलच्या धुराड्याकडे पाहून चालत ये. आम्ही भारतातून आलो म्हणून गिरणीला हे नाव पडले, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. धुराडे १८६७ साली पूर्ण झाले, म्हणजे आमच्या येण्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

गावामागच्या माळरानावर एक दगडी मनोरा आहे. तो १८९८ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त उभारला, एवढेच शाळेत शिकवले होते. त्यामागची दुसरी हकीकत शेजारच्या आजींनी सांगितली. माळरानावरच्या जुन्या पायवाटा जमीनमालकाने बंद केल्या होत्या. गावकरी त्या वाटा मुद्दाम तुडवत राहिले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि १८९६ साली माळरान सर्वांना मोकळे झाले. आजी म्हणत की मनोरा राणीचा असला तरी वाट आमची आहे.

या आजी विणकाम खात्यात कामाला होत्या. "मी तुमच्या गांधींना पाहिले आहे," असे त्या अधूनमधून म्हणत. त्यांनी चित्रपटगृहात बातमीपट पाहिला असेल असे मला वाटे. मोठेपणी वाचले, की दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी १९३१च्या सप्टेंबरअखेरीस खरोखरच डार्वेनला आले होते आणि ग्रीनफील्ड मिलबाहेर कामगार बायकांच्या घोळक्यात उभे असलेले त्यांचे छायाचित्र जगभर छापून आले होते. तोवर आजी गेल्या होत्या. त्यांना विचारायचे सगळे प्रश्न माझ्याकडेच राहिले.

म्हणून हा धागा. ब्रिटनमधल्या ज्या लहान गावात तुम्ही वाढलात, तिथे रोज पाहिलेली किंवा ऐकलेली आणि मोठेपणीच उमगलेली अशी कोणती गोष्ट आहे? आठवणीसोबत गावाचा इतिहासही लिहावा अशी विनंती आहे. लंडनबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. या लहान गावांबद्दल मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही, आणि सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे.

निळीशाई :

कौलारूताई, धागा फार आवडला. आमचे गाव बोल्टन.

एकाला एक चिकटलेल्या घरांची गल्ली होती आणि प्रत्येक घराचा उंबरा थेट फरसबंदीवर उघडत असे. शुक्रवारी गल्लीतल्या बायका गुडघ्यांवर बसून पायरी घासत. आधी पाण्याने धुवायची, मग साबणाच्या वडीएवढा एक दगड ओल्या पायरीवर घासून तिच्या कडेने पांढरी किंवा पिवळसर पट्टी ओढायची. या दगडाला 'डाँकी स्टोन' म्हणत. दगडाचा चुरा आणि सिमेंट दाबून तो बनवलेला असे. तो दुकानातही मिळे, पण बहुतेक बायका तो घोडागाडीवाल्या भंगारवाल्याकडून घेत. जुने कपडे द्यायचे आणि बदल्यात दगड घ्यायचा.

माझ्या आईने तो गाडीवाला पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने वडिलांना काय सांगितले असेल? "अहो, इथेही बोहारीण येते, फक्त ती पुरुष आहे आणि भांड्यांऐवजी दगड देते." आईने दोन जुने स्वेटर देऊन एक दगड घेतला आणि शुक्रवारी आमचीही पायरी घासली. पांढरी पट्टी काढून झाल्यावर तिने त्याच दगडाने पायरीच्या कोपऱ्यात लहानसे स्वस्तिक काढले. महायुद्ध संपून जेमतेम वीस वर्षे झाली होती. समोरच्या बाई रस्ता ओलांडून आल्या, आईचा हात धरून तिला घरात नेले आणि ते चिन्ह पाहून इथल्या माणसांना काय आठवते हे शांतपणे समजावून सांगितले. आईने ते पुसून तिथे कमळ काढले. पुढे आम्ही ते घर सोडेपर्यंत दर शुक्रवारी आमच्या पायरीवर कमळ असे, आणि समोरच्या बाई ते तिच्याकडून शिकल्या.

आपल्या पायरीचा दगड अॅश्टन-अंडर-लाइनच्या कारखान्यातून येई आणि त्या वडीवर सिंहाचा छाप असे, हे मला खूप उशिरा, एका स्थानिक संग्रहालयात समजले. काचेआड ती वडी पाहिली आणि हाताला तिचा खरखरीतपणा जाणवला.

वाटाड्या :

'बोहारीण' हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला. पायरीवरचे कमळ डोळ्यांसमोर उभे राहिले.

गिरणगावकर :

माझी आठवण उलट दिशेने जाते. मी लालबागच्या चाळीत वाढलो. आजोबा गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, साचेवाले (यंत्र चालवणारे) होते. एका सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी मुकादमाच्या परवानगीने आत गेलो होतो. साच्याच्या बिडाच्या चौकटीवर ठसठशीत इंग्रजी अक्षरे ओतलेली होती आणि त्यांवर सरकीच्या भुश्शासारखा पांढरा कापूस बसला होता. आजोबांनी धोतराच्या सोग्याने तो पुसला आणि मला वाचायला सांगितले. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. मी तेव्हा चौथीत होतो. ओल्डहॅम हे यंत्राचे नाव असावे असे मला वाटले.

१९८२च्या संपानंतर घर विस्कटले. त्याची हकीकत इथे लिहीत नाही. शिक्षण पूर्ण करून मी नोकरीसाठी इंग्लंडला आलो आणि कंपनीने मला पाठवले ते नेमके ओल्डहॅमला. पहिल्या रविवारी वर्नेथ भागात जाऊन प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्याची जुनी इमारत शोधून काढली. कापडगिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत एके काळी तिची गणना होत असे. कावसजी दावर यांच्या १८५४च्या मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीपासून पुढच्या कितीतरी गिरण्यांना इथूनच यंत्रे गेली. मी भिंतीला हात लावून उभा होतो तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी काही हरवले आहे का असे विचारले. मी आजोबांबद्दल सांगितले. ते स्वतः याच कारखान्यात ओतकामाला होते. "म्हणजे मी ओतलेली अक्षरे तुझ्या आजोबांनी पुसली असतील," असे ते म्हणाले.

त्यांच्याकडून समजले, की इथल्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात इतका आवाज असे की बायका ओठांच्या ठळक हालचालींनी एकमेकींशी बोलत, आणि तीच सवय घरी आणि बाजारातही चाले. आमचे आजोबा घरी ओरडून बोलत. कारण तेच, रीत वेगळी. आमच्याकडे भोंग्यावर चाळ उठे. इथे पूर्वी एक माणूस लांब काठीने माडीच्या खिडक्या वाजवत पहाटे गल्लीतून फिरे आणि आठवड्याला काही पैसे घेई.

हिवाळा६३ :

इंडिया मिलचे धुराडे १८६७चे आहे असे कौलारू यांनी लिहिले. त्याच्या आधीची पाच-सहा वर्षे समजून घेतल्याशिवाय त्या भागातल्या एकाही गावाचा इतिहास कळत नाही. मी प्रेस्टनजवळ वाढलो. आमच्या शाळेतले एक शिक्षक निकृष्ट दर्जाच्या कोणत्याही वस्तूला 'सुरत' म्हणत. वही फाटली, सुरत. खडू मोडला, सुरत. सुरत हे गुजरातमधले शहर आहे हे मला ठाऊक होते, म्हणून तो मला उद्देशून मारलेला टोमणा वाटे आणि मी मनातल्या मनात चिडत असे.

त्या शब्दाचे मूळ असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला येणारा अमेरिकन कापूस आटला. १८६२च्या अखेरीस सुमारे पाच लाख लोक मदतनिधीवर जगत होते. गिरण्या चालू ठेवण्यासाठी भारतातला कापूस आणला गेला आणि पश्चिम भारतातून येणाऱ्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड होता आणि अमेरिकन कापसासाठी बसवलेल्या यंत्रांवर तो सारखा तुटे. विणकऱ्याला कापडाच्या लांबीवर मजुरी मिळे. त्यामुळे धागा तुटला की पोटाला चिमटा बसे. प्रार्थनेत लोक म्हणत, 'देवा, कापूस पाठव, पण सुरत नको', असे सांगतात. शंभर वर्षांनंतर आमच्या शिक्षकांच्या तोंडी उरलेला शब्द तो होता.

दुसरी बाजू आपल्याकडची. याच वर्षांत खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी कोट्यधीश झाले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे भाग भरमसाट भावाने विकले गेले, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळे कोसळले. प्रेमचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. प्रेस्टन-ब्लॅकबर्नमधली मुले उपाशी झोपत होती तेव्हा मुंबईत दिवाळी होती, आणि मुंबईत दिवाळे वाजले तेव्हा इथली धुराडी पुन्हा पेटू लागली.

निळीशाई :

हिवाळाजी, फार मोलाची माहिती दिलीत. याला एक गोष्ट जोडते. उपाशी असूनही लँकेशायरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला, आणि लिंकनने त्यांना आभाराचे पत्र लिहिले. मँचेस्टरला लिंकनचा पुतळा आहे. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती.

हिवाळा६३ :

पत्र खरे आहे. १८६२च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा झाली आणि जानेवारी १८६३मध्ये लिंकनने उत्तर लिहिले. मात्र सगळे लँकेशायर एका आवाजात बोलत होते असे मानू नये. अनेक गिरणीगावांत नाकेबंदी मोडावी आणि दक्षिणेला मान्यता द्यावी असे म्हणणारेही बरेच होते. मार्च १८६३मध्ये स्टॅलीब्रिजला मदतीच्या वाटपावरून दंगल झाली. उपाशी माणसांनी इतका त्याग केला याचा आदर वाटतोच. त्यांच्यातली भूक, संताप आणि मतभेदही लिहिले पाहिजेत, नाहीतर ती माणसे पुतळ्याच्या चौथऱ्यावरच राहतील.

परखड :

माझे मत थोडे कटू वाटेल, तरीही लिहिते. वरच्या सर्व प्रतिसादांत शेजारी प्रेमळ आहेत. माझे बालपण वुल्व्हरहॅम्प्टनचे आहे. १९६८च्या २० एप्रिलला इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले. ते आमच्याच शहरातून निवडून आलेले खासदार होते. सोमवारी शाळेच्या दारात मला दोन मोठ्या मुलांनी अडवले आणि तू कधी परत जाणार असे विचारले. मी सात वर्षांची होते. शाळा सुटल्यावर घरी जाईन, असे मी उत्तर दिले. त्यांना काय विचारायचे होते ते मला समजले नव्हते. तो प्रश्न नंतर दहा वर्षे वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला, आणि एकदा तो आमच्या खिडकीतून विटेच्या रूपाने आत आला.

स्थानिक इतिहासात हेही येते. त्याच काळात आमच्या शहरातल्या शीख बसचालकांना पगडी घालून काम करू देत नव्हते. दोन वर्षे तो लढा चालला आणि १९६९च्या एप्रिलमध्ये ती बंदी उठली. आमच्या बसमार्गावर पगडी घातलेला चालक पहिल्यांदा दिसला त्या दिवशी वडिलांनी त्याला बसमधून उतरताना नमस्कार केला होता. वडील एरवी रस्त्यात कोणाशी बोलत नसत. त्या नमस्काराचा अर्थ मला मोठेपणी कळला. मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच.

कौलारू :

परखडताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. माझ्या लेखातून एक गोष्ट मी गाळली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर होते. तिथली मुले मला खेळायला घेत नसत आणि त्यांचे वडील आमच्या दाराकडे पाहून थुंकत. एकदा ते थुंकले तेव्हा शेजारच्या आजी बादली घेऊन बाहेर आल्या, त्यांच्या देखत ती जागा धुतली, आणि एक शब्दही न बोलता आत गेल्या. आजींबद्दल लिहिताना थुंकणाऱ्याबद्दल लिहिले नाही, तर त्यांनी बादली का आणली ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

तिसरा_पंच :

लँकेशायरचा विषय निघाला आहे तर क्रिकेटवाचून पुढे जाता येणार नाही. मी रिश्टनचा. १९८७च्या मोसमात आमच्या गावच्या संघात व्हिव्ह रिचर्ड्स व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळले. काही हजार वस्तीच्या गावात जगातला सर्वांत धडाकेबाज फलंदाज दर शनिवारी येत असे. लँकेशायर लीगची रीत अशी, की प्रत्येक गावाच्या संघात एक व्यावसायिक आणि बाकी सगळे गावचे, म्हणजे कोणी सुतार, कोणी टपालवाला, कोणी शिक्षक. खेळाडूने अर्धशतक केले की मैदानाभोवती डबा फिरवून प्रेक्षकांकडून पैसे गोळा करायचे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि तो डबा दोनदा माझ्या हातात आला होता. नाण्यांनी तो इतका जड झाला की शेवटी पोटाशी धरून चालावे लागले.

डबा परत देताना मैदान राखणाऱ्या आजोबांनी विचारले, "तू भारतातला ना? मग गुप्ते ठाऊक आहेत का?" मला ठाऊक नव्हते. पन्नासच्या दशकात सुभाष गुप्ते रिश्टनचे व्यावसायिक होते. चेंडू हातातून सुटताना कुठे वळणार ते आमच्या यष्टिरक्षकालाही कळत नसे, असे ते सांगत. घरी येऊन वडिलांना विचारले तेव्हा वडील जेवता जेवता थांबले आणि कानपूरच्या कसोटीत गुप्त्यांनी वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत बाद केल्याची हकीकत हाताने चेंडू फिरवून सांगू लागले. आमटी गार झाली. सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला खेळत आणि विनू मांकड हॅस्लिंग्डेनला. ही सगळी गावे आमच्यापासून बसने तासाभराच्या आतली आहेत.

जवळच्या नेल्सन गावात वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टन्टाइन १९२९ पासून नऊ मोसम खेळले आणि त्यांपैकी सात वेळा नेल्सनने लीग जिंकली. पुढे त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली तेव्हा पदवीच्या नावात त्यांनी त्रिनिदादमधल्या मारावलशेजारी नेल्सनलाही जागा दिली.

वाटाड्या :

तिसरा पंच, आमटी गार झाली हे वाचून आमचे वडीलही डोळ्यांसमोर आले. गुप्त्यांचा विषय निघाला की तेही असेच ताटावरून उठत.

पिंपळपान :

आम्ही रॉचडेलला होतो. मला आजही अचानक कोणी विचारले तरी ४७१३ हा आकडा झोपेतून उठून सांगता येईल. तो आमच्या घराचा सहकारी दुकानातला लाभांश क्रमांक. आई दुकानात पाठवताना पिशवी, यादी आणि पैसे देई आणि क्रमांक वदवून घेई. क्रमांक चुकला तर खरेदी दुसऱ्याच्या नावावर जमा होई. वर्षातून दोनदा लाभांश मिळे, आणि आमच्या हिवाळी बुटांचे पैसे त्यातून निघत.

हे दुकान साधे नव्हते, हे मला पुढे बाबांमुळे कळले. ते मूळचे प्रवरा भागातले. १८४४च्या २१ डिसेंबरला रॉचडेलच्या टोड लेनवर अठ्ठावीस जणांनी पदरचे पैसे घालून दुकान उघडले. विकायला लोणी, साखर, मैदा, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. माल निर्भेळ, वजन खरे, प्रत्येक सभासदाला एकच मत आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. बाबा मला तिथल्या संग्रहालयात घेऊन गेले, तराजूसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी आपल्या माळावर साखर कारखाना काढला, त्याची मुळी इथवर येतात." मला मुळी कुठे दिसत नव्हत्या. मला तराजू दिसत होता, आणि त्याच्या पितळी पारड्यात वाकून पाहणारे बाबा.

डोंगरवाट :

हा धागा तीन दिवस वाचतो आहे आणि लिहावे की नाही असा विचार करतो आहे.

वडील दक्षिण वेल्सच्या खोऱ्यात डॉक्टर होते. त्या काळात खोऱ्यांमधल्या कितीतरी दवाखान्यांत भारतीय डॉक्टर होते, कारण तिथे जायला इतर कोणी फारसे तयार नसे. १९७२ साली आम्ही अॅबरफॅनजवळ राहायला गेलो. मी आठ वर्षांचा होतो. वर्गात मैत्री झाली की आपण घरची माणसे विचारतो. मी एकाला विचारले, तुला मोठा भाऊ आहे का? तो म्हणाला, होता. दुसऱ्याला विचारले, तोही म्हणाला, होता. त्या दिवशी संध्याकाळी आईने मला जवळ घेतले आणि हा प्रश्न इथे कोणालाही विचारायचा नाही असे सांगितले. का, ते सांगितले नाही.

१९६६च्या २१ ऑक्टोबरला, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, खाणीतल्या टाकाऊ मालाचा सातव्या क्रमांकाचा ढीग डोंगरावरून सुटला आणि खालच्या पँटग्लास शाळेवर आला. तो ढीग झऱ्यांवर रचलेला होता. हजेरी नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागणार होती. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गेली. चौकशी समितीने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवले, तरीही डोंगरावर उरलेले ढीग हटवण्याच्या खर्चापैकी दीड लाख पौंड लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ साल उजाडले, तेही व्याजाशिवाय. २००७ साली वेल्सच्या सरकारने आणखी रक्कम दिली.

वडिलांच्या दवाखान्यात बायका डोकेदुखीसाठी येत. वडील औषध देत आणि नंतर खुर्ची पुढे ओढून बसत. बाहेर रांग असली तरी घाई करत नसत. त्यांचे इंग्रजी फार चांगले नव्हते. ते बहुधा ऐकतच असत.

निळीशाई :

डोंगरवाट, वाचले. लिहिल्याबद्दल आभार.

पाणलोट :

वेल्सचाच उत्तरेकडचा भाग. आम्ही बालाजवळ राहत होतो. घरापासून काही मैलांवर एक मोठा जलाशय होता आणि तिथे सहलीला जायला मला फार आवडे. सोबतची वेल्श मुले मात्र येत नसत. एका मित्राच्या आजीने सांगितले, की पाण्याखाली कापेल केलिन हे त्यांचे गाव आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. १९५७ साली संसदेने कायदा केला. वेल्सच्या जवळपास सर्वच खासदारांनी विरोध केला तरी तो मंजूर झाला आणि १९६५ साली खोरे बुडाले. चॅपेल, शाळा, टपाल कचेरी, शेते, सगळे गेले. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ साली माफी मागितली.

माझी आजी मुळशी खोऱ्यातली. १९२१च्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात सेनापती बापटांच्या मागे गेलेल्यांमध्ये तिचे वडील होते. आजी एकदा आमच्याकडे आली होती. तिला इंग्रजी येत नव्हते आणि मित्राच्या आजीला मराठी येत नव्हते. आम्ही दोघींना जलाशयाच्या काठावर नेले. आम्हा मुलांना मध्ये भाषांतर करायला लावले होते, पण थोड्या वेळाने त्यांना आमची गरज राहिली नाही. मित्राच्या आजीने पाण्याकडे बोट दाखवून आपले घर कुठे होते ते सांगितले. आमच्या आजीने काठीने वाळूत आपल्या गावची नदी, देऊळ आणि बांध काढून दाखवला. दोघी बराच वेळ त्या रेघांकडे बघत उभ्या होत्या.

हिवाळा६३ :

पाणलोट यांच्या आजींची हकीकत कोणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवी होती. आमच्यापैकी ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी हे काम या महिन्यातच करावे अशी कळकळीची विनंती आहे. इथल्या काउंटी दफ्तरखान्यांमध्ये आणि गावोगावच्या इतिहास मंडळांमध्ये अशा मुलाखती स्वीकारतात. मराठीत बोललेले असले तरी द्यावे. सोबत इंग्रजी सारांश जोडावा.

रुक्मिणी :

एक आनंदाची आठवण. आम्ही लीड्सजवळच्या गावात होतो. ऑक्टोबर लागला की मुले ५ नोव्हेंबरच्या होळीसाठी लाकडे गोळा करत आणि रात्री दुसऱ्या गल्लीचा ढीग पळवून आणत. पहिल्या वर्षी माझा धाकटा भाऊ या टोळीबरोबर रात्री एक मोडका दरवाजा ओढत घरी आला. आई ओरडणार असे आम्हाला वाटले होते. आई हसली आणि म्हणाली, "आम्ही साताऱ्याला गोवऱ्या पळवायचो." त्या रात्री तिने दरवाजा मागच्या अंगणात लपवायला स्वतः मदत केली. जाळलेला पुतळा १६०५च्या कटातल्या गाय फॉक्सचा, हे आम्हाला शाळेत शिकवले होते. पुतळा पेटल्यावर आई मात्र शेजाऱ्यांसमोर बोंब मारून मोकळी झाली. सगळ्यांना ती तिथलीच रीत वाटली आणि पुढच्या वर्षी गल्लीतली सगळी मुले बोंब मारत होती.

परखड :

रुक्मिणीताई, ही आठवण माझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती ऐंशीची आहे. बऱ्याच दिवसांनी इतकी हसली. नंतर तिनेच वडिलांच्या त्या नमस्काराची हकीकत पुन्हा सांगितली. तिच्या सांगण्यात एक तपशील होता जो मला ठाऊक नव्हता. त्या दिवशी आमचा थांबा आधीच येऊन गेला होता. वडील चालकाला नमस्कार करता यावा म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत बसून राहिले आणि मग तेवढे अंतर मला घेऊन मागे चालत आले.

कौलारू :

सर्वांचे प्रतिसाद छापून काढले आणि मागच्या आठवड्यात डार्वेनला जाऊन आले. धुराडे तसेच आहे. माळरानावर चढून मनोऱ्यापाशी बसले आणि तुमच्या प्रतिसादांची पाने वाऱ्यात धरून पुन्हा वाचली.

गावच्या वाचनालयात १९३१च्या त्या छायाचित्राची मोठी प्रत काढून मिळाली. बायका हात उंचावून जल्लोष करत आहेत आणि मध्ये पांढऱ्या वस्त्रातले गांधीजी उभे आहेत. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने या गावातल्या कित्येक गिरण्या ओस पडल्या होत्या आणि त्यातल्या काही बायका स्वतः बेकार होत्या. त्यांच्या दारिद्र्याची जाणीव आहे, पण हिंदुस्थानातले दारिद्र्य याहून फार खोल आहे, हे गांधीजींनी त्यांना स्पष्टपणे सांगितले होते. तरीही त्या हसत आहेत. मी भिंग घेऊन एकेक चेहरा पाहिला. आजी तेव्हा सतरा वर्षांच्या असणार. मला त्या सापडल्या असे ठामपणे म्हणता येणार नाही. उजवीकडून तिसऱ्या मुलीची हनुवटी त्यांच्यासारखी आहे.

आजींनी जाण्याआधी आईला एक वस्तू दिली होती. ती इतकी वर्षे आमच्या शिवणाच्या डब्यात पडून होती. चपटी, पोलादी, बोटभर लांब आकडी. आम्ही तिने पायजम्यात नाड्या ओवत असू. वाचनालयातल्या बाईंना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, की ही विणकरणीची आकडी आहे. तुटलेला धागा हिने फणीच्या दातांतून ओढून घेत आणि बायका ती कमरेला बांधून कामावर जात. मधोमध ती झिजून बारीक झाली आहे, आणि तिथे अंगठा ठेवला की तो नेमका बसतो.

वाचनालयाने ती मागितली. मी दिली नाही. छायाचित्र काढू दिले.